रविवारचा बोलका रेडिओ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठवाड्याला रविवार उशिरा मिळाला. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० मध्ये रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. आमच्याकडे निजामाचे राज्य. तिथे कचेऱ्यांना सुटी असे ती शुक्रवारी. माझ्या आजोबांना रविवार ठाऊक होता तो खंडोबाचा वार म्हणून. शाळेला रविवारची सुटी ही हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतरची गोष्ट. शेतकऱ्याला तर कुठलाच वार सुटीचा नसतो, ही बाब वेगळी.

सुटीचा रविवार आणि बोलणारा रेडिओ या दोन्ही वस्तू आमच्या पिंपळगाव रेणुकाईत साधारण एकाच पिढीच्या हयातीत आल्या. भोकरदन तालुक्यातले हे गाव आज मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. हंगामात हिरव्या मिरचीची पोती भरून गाड्या लांब लांब जातात. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तोवर आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो. त्याआधी हैदराबाद राज्यात. गाव जागचे हलले नाही, पण माझ्या वडिलांच्या पत्त्यात तीनदा बदल झाला. हे पत्ते बदलणे रेडिओच्या गोष्टीत फार महत्त्वाचे आहे, म्हणून आधी सांगितले.

रेडिओवरच्या गाण्यांबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. मी बोलणार आहे ते तिथल्या बोलण्याबद्दल. बातम्या, भाषणे, श्रुतिका, शेतकऱ्यांचे संवाद, खेळाचे समालोचन, हे सगळे कोण बोलत होते, कोणत्या मराठीत बोलत होते आणि आमच्या गावाला त्यावर उलट काही बोलता येत होते का, एवढाच प्रश्न मला पडला आहे.

मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ते एका खासगी कंपनीचे होते. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली, सरकारने केंद्र चालवायला घेतले आणि १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले. हैदराबादलाही तीसच्या दशकातच रेडिओ आला. पुढे तो निजाम सरकारचा 'डेक्कन रेडिओ' झाला. औरंगाबादलाही त्याचे एक लहान केंद्र होते. राज्याची भाषा उर्दू. मराठी, तेलुगू आणि कन्नड या रयतेच्या भाषा. तेव्हा रेडिओवर मान कोणत्या भाषेला असणार हे वेगळे सांगायला नको. गंमत पाहा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून, लंडनहून बीबीसी मराठीत बोलत होती. तिथे वेणू चितळे नावाची मराठी बाई काम करत होती आणि तिच्याच विभागात जॉर्ज ऑर्वेल हा लेखकही होता. लंडनला मराठी श्रोत्याची गरज लागली, कारण लढाई जिंकायची होती. गरज लागली की रेडिओ तुमच्या भाषेत बोलू लागतो, हे त्या काळाने दाखवले.

मराठवाड्याच्या इतिहासातले सर्वांत मोठे रेडिओ भाषण १७ सप्टेंबर १९४८ चे. पोलीस कारवाईला पाच दिवस झाले होते. संध्याकाळी मीर उस्मान अली खान स्वतः हैदराबादच्या रेडिओ केंद्रात आले आणि त्यांनी शरणागती जाहीर केली. भारताचे तिथले प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी यांनी आपल्या आठवणींत या प्रसंगाबद्दल लिहिले आहे. निजाम त्याआधी कधी रेडिओवर बोललेले नव्हते. वार शुक्रवार, म्हणजे संस्थानातल्या सुटीचा. आणि भाषण झाले ते इंग्रजीत. ज्या दिवशी आम्ही मोकळे झालो, त्या दिवसाचे शब्द ना मराठीत होते ना राज्याच्या उर्दूत. आमच्या गावात रेडिओच नव्हता, त्यामुळे कोणाचे काही अडले नाही. बातमी माणसांच्या तोंडून आली, आणि माझे चुलते सांगत त्याप्रमाणे ती वाटेत बरीच वाढून आली. निजाम विमानाने पळाला, असेही एक दोन दिवस गावात चालले होते.

१९५० मध्ये हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओकडे आली. त्यानंतर थोड्याच वर्षांत औरंगाबादचे केंद्र बंद झाले. १९५३ मध्ये पुण्याला केंद्र उघडले. नागपूरला १९४८ पासून होतेच. म्हणजे मराठी रेडिओ मुंबई, पुणे, नागपूर या तीन खांबांवर उभा राहिला आणि मधला मराठवाडा परभणीचे केंद्र येईपर्यंत, म्हणजे १९६८ पर्यंत, दुसऱ्यांच्या केंद्रांवर कान लावून बसला. औरंगाबादला सत्तरच्या दशकात पुन्हा केंद्र आले.

आता मला थोडे रेंगाळायचे आहे ते १९५६ या वर्षापाशी.

पुणे केंद्र आणि १९५६ म्हटले की कुणालाही गीतरामायणच आठवते. १ एप्रिल १९५५ ला सुरू झालेली ती मालिका १९ एप्रिल १९५६ ला, रामनवमीच्या दिवशी पूर्ण झाली. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ती करणी मराठी माणूस विसरणार नाही. पण त्याच पुणे केंद्रावरून, त्याच शेवटच्या दोन महिन्यांत, दुसरी एक मालिका चालू होती आणि ती आज कुणाच्या लक्षात नाही. युनेस्कोच्या मदतीने केलेला तो एक प्रयोग होता. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात दर रविवारी आणि गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम होई. एकूण वीस कार्यक्रम. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत ऐकणाऱ्यांची मंडळे केली होती. एका मंडळात वीसेक माणसे. रेडिओवर शेती, आरोग्य, सहकार अशा विषयावर बोलणे होई, ते सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, मग रेडिओ बंद करून आपसांत त्यावर बोलायचे. काय ठरले आणि काय शंका आहेत ते लिहून केंद्राकडे पाठवायचे. केंद्राने त्याची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत द्यायची. कल्पना मूळची कॅनडातली. तिथल्या शेतकऱ्यांनी चाळीसच्या दशकात ती चालवून दाखवली होती.

प्रयोगाचे मोजमाप मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. त्याचा अहवाल दोघांनी लिहिला. एक जगदीशचंद्र माथुर, तेव्हाचे आकाशवाणीचे महासंचालक आणि 'कोणार्क' या हिंदी नाटकाचे लेखक. दुसरे पॉल नॉयराथ हे समाजशास्त्रज्ञ. हा माणूस मूळचा व्हिएन्नाचा. नाझींच्या डाखाऊ आणि बूखेनवाल्ड या छळछावण्यांतून जिवंत सुटलेला. ज्या राजवटीने रेडिओ एका माणसाच्या आवाजासाठी राबवला, तिच्या तावडीतून सुटून हा गृहस्थ नगर-नाशिककडच्या शेतकऱ्याला रेडिओशी उलट बोलता येते का, हे मोजायला आला होता. मला हा योगायोग फार मोठा वाटतो. इतिहास शिकवताना मी मुलांना तो नेहमी सांगत असे, अभ्यासक्रमात नसला तरी.

निष्कर्ष काय निघाला? ज्या गावांत मंडळे होती तिथल्या लोकांच्या माहितीत चांगली भर पडली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तिथे फारसा फरक पडला नाही. रेडिओ नुसता ऐकून माणूस शहाणा होत नाही, ऐकल्यावर चारचौघांत बोलला तर होतो, असा त्याचा अर्थ. मालिकेचा शेवटचा दिवस २२ एप्रिल १९५६. वार रविवार.

आणि आम्ही? आम्ही तेव्हा हैदराबाद राज्यात. गोदावरीच्या त्या काठाला अहमदनगर जिल्ह्यात मंडळ बसायचे आणि या काठाला मराठवाड्यात काही नाही. भाषा एक, पीक एक, दुष्काळ एक. राज्याची हद्द मात्र मधून गेली होती. सहा महिन्यांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. अशी मंडळे देशभर करायची योजना १९५९ मध्ये निघाली, तेव्हा कुठे आमची पाळी आली.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रेडिओ बसला तो मला कळू लागण्याच्या आधी. लाकडी पेटी, तिला कुलूप, किल्ली ग्रामसेवकाकडे, आणि बाहेर पिंपळाला बांधलेला कर्णा. बॅटरी उतरली की पंधरा पंधरा दिवस मुका. मी ऐकू लागलो तो सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, शाळकरी वयात. आकाशवाणीच्या दिवसाचे तीन भाग असतात आणि त्यांना 'सभा' म्हणतात. सकाळची पहिली, दुपारची दुसरी, संध्याकाळची तिसरी. हा शब्द मला तेव्हापासून आवडतो. सभा म्हटली की तिथे बसायला जागा असते.

रविवारच्या पहिल्या सभेला आम्ही पोरे अंघोळीला चुकवून ओट्यावर येत असू. आधी चिंतन, म्हणजे पाच मिनिटांचे सुविचारी भाषण. त्या वेळी म्हातारी माणसे गप्प बसत आणि आम्ही खडे खेळत असू. १९७४ पासून संस्कृत बातम्या सुरू झाल्या. त्यातले गावात कुणालाच कळत नसे, पण गुरवाचे आजोबा त्या हात जोडून ऐकत. साडेआठला दिल्लीहून मराठी बातम्या. त्या वेळी मात्र ओट्यावर हूं की चूं नाही. दिल्लीतून कुणी आपल्या भाषेत बोलतो आहे याचे अप्रूप त्या पिढीला फार होते. १९७१ च्या युद्धात आणि १९७२ च्या दुष्काळात तर त्या दहा मिनिटांसाठी माणसे खडी फोडायच्या कामावर जायला उशीर करत.

मग मुलांचा कार्यक्रम. त्यात शहरातली मुले कविता म्हणत, कोडी घालत, सूत्रसंचालक ताई त्यांना शाबासकी देई. ती मुले आमच्याच वयाची, पण त्यांची मराठी आमची नव्हती. 'आई, मला दे ना गं' असे ती म्हणत. आमच्याकडे 'काहून देत न्हाईस?' असे असते. माझी बहीण दोन दिवस त्या सुरात बोलली आणि आजीने तिला विचारले, 'तुला ताप आलाय का?'

मुंबईच्या केंद्रावर कधीमधी प्रपंचातले प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी भेटत. बाळ कुडतरकरांचा टेकाडे भावजी आमच्या गावातही लोकप्रिय होता. त्यांच्या घरात नळाला पाणी कधी येते यावर वाद होई आणि आमच्या गावात नळच नव्हता, तरी माणसे हसत. घर कुठलेही असो, दीर-भावजयीची थट्टा सगळ्यांना कळते. क्रिकेटचा सामना असला की बाळ ज. पंडित मराठीत धावते वर्णन करत. सामना कधीच पाहिला नव्हता अशा माणसांना त्यांनी नुसत्या शब्दांनी मैदान दाखवले. आमच्या गावात विटी-दांडू खेळणारी पोरे 'चेंडू सीमापार' असे ओरडू लागली ती त्यांच्यामुळे.

दुपारी रेडिओ पुरुषांचा नसे. ओटा रिकामा होई, आणि पंचायतीशेजारच्या घरांतल्या बाया धान्य निवडत दाराआडून ऐकत. श्रुतिका त्यांच्या आवडीच्या. नाटक डोळ्यांनी पाहायला बाईला तेव्हा जत्रेतही मोकळीक नव्हती. कानांनी पाहायला कुणी अडवत नसे. माझ्या आईला कितीतरी श्रुतिकांच्या गोष्टी पाठ होत्या, लेखकाचे नाव मात्र एकाचेही नाही.

संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम आणि बाजारभाव. हा खरा गर्दीचा वेळ. या कार्यक्रमांत एक पाटील असे, एक शिकलेला पुतण्या असे आणि एक खताबद्दल शंका घेणारा शेजारी असे. ते 'गावाकडची' मराठी बोलत, पण ते गाव साताऱ्याकडचे किंवा पुण्याकडचे. 'हे पाटील कुठले म्हणावं?' असे आमचे चुलते दर वेळी विचारत. पुण्यामुंबईच्या कलावंतांना गावरान बोलायचे म्हणजे 'काय पाव्हणं' म्हणायचे, एवढेच ठाऊक. भोकरदन-जाफराबादकडे अर्धा शब्द वऱ्हाडातला आणि अर्धा खानदेशातला येतो, हे त्यांना कोण सांगणार? परभणी केंद्र सुरू झाल्यावर हा फरक हळूहळू कानाला जाणवू लागला. १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ झाले आणि तिथले तज्ज्ञ बोलायला येऊ लागले. त्यांच्या बोलण्यात आमच्याकडची जमीन, आमच्याकडचा पाऊस होता.

त्याच सुमाराची गोष्ट. गावात मिरचीवर चुरडा-मुरडा पडला होता. पाने आकसून वळत, झाड खुजे राही. ओट्यावर चर्चा झाली, शाळेतल्या गुरुजींनी पोस्टकार्ड लिहिले आणि ते रेडिओला धाडले. दोन-तीन आठवडे काही नाही. मग एका रविवारी संध्याकाळी निवेदकाने पत्र वाचले. 'मुक्काम पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन.' कर्ण्यातून आपल्या गावाचे नाव येते आहे म्हटल्यावर ओट्यावर जो गलका झाला, त्यात उत्तराचा पहिला भाग कुणालाच ऐकू आला नाही. रोगट झाडे उपटून लांब नेऊन जाळा आणि रोग पसरवणाऱ्या किडीचा बंदोबस्त करा, एवढे शेवटचे कळले. काहींनी ते केले. ज्यांनी केले नाही त्यांनाही पुढे वर्षभर सांगायला विषय झाला.

नॉयराथ यांनी पुण्याकडे मोजले होते ते हेच. रेडिओने गावाला नाव घेऊन उत्तर दिले, म्हणून गाव ऐकू लागले. आणि नेमका तेव्हाच ट्रान्झिस्टर स्वस्त झाला.

ट्रान्झिस्टरने केलेले भले मी नाकारत नाही. परवान्याचे पैसे पोस्टात भरायचे आणि पुस्तकावर शिक्का घ्यायचा, तरीही घरोघर तो आला. लग्नात जावई तो मागून घेऊ लागला. माणसे तो मोटेवर नेत, गुरांमागे नेत, उसाला पाणी देताना बांधावर ठेवत. पण ज्याचा त्याचा रेडिओ झाला आणि ओट्यावरचे बसणे संपले. ऐकून झाल्यावर वाद घालायला समोर कोणी नाही. मंडळे कागदावर राहिली. पंचायतीची पेटी काही वर्षे कुलपातच होती, मग एका रंगरंगोटीत ती गेली. परवाना ऐंशीच्या दशकात रद्द झाला, पण तोवर दूरदर्शन येऊन ठेपले होते आणि रविवार सकाळ त्याने उचलून नेली.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून लांबवत नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असे सांगितले. २००० नंतर खासगी एफएम केंद्रे आली. त्यांच्यापैकी एका कंपनीने रेडिओचे नावच मिरची ठेवले. आमच्या गावाला त्याचा अभिमान वाटायला हरकत नव्हती, पण त्या मिरचीत बाजारभाव नव्हता. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मनाई होती, त्यामुळे बोलायचे ते गाण्यांच्या मधे, हसत-खिदळत. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना समुदाय रेडिओ काढता येऊ लागला, पण बातम्या तिथेही नाहीत. बोलका रेडिओ राहिला तो आकाशवाणीवर. २०१४ मध्ये 'मन की बात' सुरू झाली आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी अकराला गावातल्या दुकानांत, पंचायतीत ती लागू लागली. राजकारण बाजूला ठेवून एक गोष्ट इतिहासाचा विद्यार्थी म्हणून नोंदवतो: चार माणसे मुद्दाम एकत्र बसून रेडिओवरचे बोलणे ऐकतात, हे दृश्य मी आमच्या गावात कितीतरी वर्षांनी पुन्हा पाहिले. बोलणे संपल्यावर मात्र रेडिओ बंद करून त्यावर कुणी चर्चा घेतली नाही. तशी रीतच आता उरलेली नाही.

२०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तिथली बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून द्यायचे ठरले. पुण्यात मोठा गहजब झाला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. सकाळचे सात दहाचे बातमीपत्र पुणेकरांच्या किती जिव्हाळ्याचे आहे, ते त्या वेळी दिसले. मला पुणेकरांचे कौतुक वाटले. आपल्या केंद्राचा आवाज हलतो म्हटल्यावर ते उठले. औरंगाबादचे केंद्र पन्नासच्या दशकात बंद झाले तेव्हा मराठवाड्यात कुणी काही बोलल्याचे मी ऐकलेले नाही. गमावलेली वस्तू आपली आहे, असे वाटायलाच तेव्हा वेळ लागला असावा.

मी स्वतः अधूनमधून भाषण द्यायला केंद्रावर जातो. दहा मिनिटांचे भाषण म्हणजे माझ्या अक्षरात सहा पाने. आधी संहिता पाठवायची, ती तपासून येते, मग काचेच्या खोलीत बसून वाचायची, पण वाचतो आहे असे ऐकणाऱ्याला वाटता कामा नये. पलीकडून निर्माता बोटाने खूण करतो. पानाचा आवाज होऊ नये म्हणून पाने सुटी ठेवतात. पूर्वीच्या ध्वनिफिती महाग, त्यामुळे एकावर पुसून दुसरे ध्वनिमुद्रण केले जाई. गाजलेले कार्यक्रम जपले गेले, पण शेतकऱ्यांच्या संवादांसाठी कोण फीत अडवून ठेवणार? आमच्या मिरचीच्या प्रश्नाचे उत्तर ज्या फितीवर होते, तिच्यावर पुढच्याच आठवड्यात दुसरे काहीतरी आले असणार.

राहिली असतील ती पत्रे आणि मंडळांच्या वह्या. माझी विनंती आहे की कुणाच्या घरी, पंचायतीच्या कपाटात, जुन्या शाळेच्या माळ्यावर अशा वह्या असतील, कुणाच्या वडिलांनी रेडिओला लिहिलेल्या पत्राची नक्कल असेल, तर ती रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून पाहावी. बहुतेकांत हजेरी आणि चहाचा खर्च असेल. पण मधे कुठेतरी एखाद्या रविवारची तारीख घालून प्रश्न लिहिलेला असेल. आमच्या गावातली वही मी अजून शोधतो आहे. गुरुजींच्या नातवाने दिवाळीत माळा काढायचे कबूल केले आहे.